हानाच्या रस्त्यावर गाडी चालवताना

हवाईतल्या माउई बेटाच्या ईशान्य किनाऱ्याने काहुलुई शहरातून हाना या छोट्या गावाला जाणारा रस्ता 52 मैलांचा आहे, म्हणजे साधारण 84 किलोमीटर. कुठेही न थांबता गेलं तरी अडीच तास लागतात. वाटेत 620 च्या आसपास वळणं आणि 59 पूल आहेत, आणि त्यांतले 46 पूल एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. आपल्याकडचा घाट दहा-पंधरा किलोमीटरांत संपतो आणि पुढे सपाटी लागते. इथे घाट संपतच नाही, आणि संध्याकाळी तोच घाट उलट्या दिशेने पुन्हा चालवायचा असतो.

या रस्त्याची घडण आधी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. माउईच्या पूर्वेकडचा सगळा भाग म्हणजे हालेआकाला हा 3,055 मीटर उंचीचा ज्वालामुखी. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे त्याच्या उतारावर आदळतात, ढग तिथेच अडतात आणि पाऊस पडतो. त्या पाण्याने डोंगराला शेकडो घळी पाडल्या आहेत. रस्ता समुद्राच्या कड्यावरून निघतो, प्रत्येक घळीत आत शिरतो, सगळ्यात आतल्या टोकाला पुलावरून ओढा ओलांडतो आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा कड्यावर येतो. म्हणून पूल नेहमी वळणाच्या पोटात असतो आणि अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. धबधबाही तिथेच असतो, कारण ओढा तिथेच आहे. आंधळं वळण, एकेरी पूल आणि सगळ्यांना बघायचा असलेला धबधबा, हे तिन्ही एकाच ठिकाणी येतात. या रस्त्यावर जे काही बिघडतं, ते बहुतेक याच जागी बिघडतं.

तयारी घरातूनच सुरू होते. भारतातून जाणाऱ्याने आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. आरटीओत त्याची फी 1000 रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची. पासपोर्ट, व्हिसा आणि आपला मूळ परवाना लागतो. तिकडे गाडी भाड्याने घेताना मूळ परवानाही दाखवावा लागतो, त्यामुळे तो घरी ठेवून जाऊ नका. दुसरा कुणी गाडी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घालून घ्या. हे काम जरूर करा, कारण या रस्त्यावर चालवणाऱ्याला रस्त्याखेरीज काही बघता येत नाही. जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने चालवलं तर दोघांनाही बेट दिसतं.

गाडी लहान घ्या. माउईला गेलं की उघडी जीप घ्यायचीच असं बऱ्याच जणांना वाटतं. हानापर्यंतचा रस्ता पूर्ण डांबरी आहे, चारही चाकांना जोर लागावा असं तिथे काही नाही. जीप रुंद असते, पावसात छत पुन्हा लावत बसावं लागतं, आणि कापडी छताच्या गाडीत सामान सुरक्षित राहत नाही. धबधब्यांपाशी उभ्या गाड्यांतून चोऱ्या होतात. झाकलेली डिकी असलेली साधी छोटी गाडी या रस्त्याला सगळ्यात बरी. ताबा घेताना चार गोष्टी तपासायच्या: टायरची नक्षी, वायपरचं रबर, स्टेपनी खरंच आहे का, आणि गिअरच्या दांड्यावर खालचा गिअर कुठे आहे. तो एल, एस किंवा हायब्रीड गाडीत बी असा लिहिलेला असतो.

डावीकडे स्टिअरिंग आणि उजवीकडून वाहतूक याची सवय या रस्त्यावर करू नये. आधी एक दिवस काहुलुई आणि किहेईच्या सपाट, रुंद रस्त्यांवर चालवावं. इंडिकेटरचा दांडा डाव्या हाताला असतो, त्यामुळे सुरुवातीला वळताना वायपर चालू होतात. ही सवय लवकर जाते. दुसरी जास्त चिवट आहे. आपल्याला आयुष्यभर गाडीच्या उजव्या बाजूला बसून रस्त्याच्या मधल्या रेषेचा अंदाज घ्यायची सवय असते. डाव्या बाजूला बसलं की तोच अंदाज गाडीला नकळत उजवीकडे सरकवतो. जाताना उजवीकडे डोंगर असतो, त्यामुळे उजवी चाकं दगडी भिंतीला नाहीतर गटाराच्या काठाला लागतात. परत येताना उजवीकडे समुद्राचा कडा असतो. उपाय एकच आहे. डाव्या आरशातून मधली पिवळी रेषा अधूनमधून बघायची, आणि ती गाडीच्या डाव्या चाकापासून हातभर अंतरावर राहते आहे ना, हे तपासायचं.

आगाऊ नोंदणी लागते ती वाइआनापानापा या राज्य उद्यानासाठी. काळ्या वाळूचा किनारा तो हाच. हवाईबाहेरच्या माणसाला 2021 पासून ऑनलाइन नोंदणीशिवाय आत सोडत नाहीत. माणशी 5 डॉलर आणि गाडीचे 10 डॉलर पडतात. वेळेचे पट्टे ठरलेले आहेत: सकाळी 7 ते 10, 10 ते साडेबारा, साडेबारा ते 3 आणि 3 ते 6. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर 10 ते साडेबाराचा पट्टा घ्यावा. सातचा घेतला तर वाटेतलं सगळं पळत बघावं लागतं, आणि तीनचा घेतला तर परतीला अंधार होतो. दिवसाचं बाकीचं वेळापत्रक या एका पट्ट्याभोवती बांधायचं.

निघायचं वाटेवरच्या पाईआ गावातून, सकाळी साडेसहाच्या आत. पेट्रोलची टाकी इथेच पूर्ण भरायची. यानंतर थेट हानातच पंप आहे, आणि तिथला दर जास्त असतो. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा, कारण पुढे बराच वेळ सिग्नल मिळत नाही. एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा जवळ असाव्यात. रस्त्याकडेला केळ्यांचा ब्रेड, शहाळी आणि फळं विकणारे बरेच ठेले रोखीनेच चालतात. काही ठिकाणी तर फळं आणि पैशांची पेटी एवढंच असतं, माणूस नसतो.

गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उपयोगी पडत नाही. चालवणाऱ्याने मात्र ती घेऊ नये, झोप येते.

मैलाच्या पाट्यांमुळे पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ होतो. काहुलुईहून निघणाऱ्या रस्त्याचा क्रमांक 36 आहे. हुएलोच्या अलीकडे, सोळाव्या मैलाच्या सुमारास, क्रमांक बदलून 360 होतो आणि मैल पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे दहाव्या मैलाची पाटी दोनदा लागते. हानाच्या वाटेवरची ठिकाणं सांगताना लोक 360 चे मैल सांगतात, आणि खाली दिलेले मैलही तेच आहेत. खरा घाट त्या शून्यापासूनच सुरू होतो.

आता पूल. हे पूल विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतले, काँक्रीटचे आणि बुटक्या कठड्यांचे आहेत. रस्ता 1926 मध्ये हानापर्यंत पोचला, त्यावर डांबर पडलं ते 1960 च्या दशकात. 2001 मध्ये या महामार्गाची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. म्हणून पूल रुंद करून टाकावेत, हा प्रश्न तिथे सहज सुटणारा नाही.

प्रत्येक एकेरी पुलाच्या दोन्ही टोकांना लाल-पांढरी उलटी त्रिकोणी पाटी असते. अर्थ असा की समोरच्याला आधी जाऊ द्या. रस्त्यावर थांबण्याची पांढरी रेषाही असते. पुलाकडे येताना वेग ताशी 10-15 मैलांवर आणायचा आणि पुलाच्या पलीकडचं वळण बघायचं, पूल नाही. पलीकडे कुणी आधी पोचलेलं असेल तर रेषेच्या मागे थांबायचं. समोरून पाच-सात गाड्या सलग आल्या की पुढचा चालक स्वतः थांबतो आणि आपली बाजू सोडतो. आपणही तसंच करायचं. पुढची गाडी गेली म्हणून तिच्या शेपटाला धरून अकरावी-बारावी गाडी पुढे दामटली की पलीकडची रांग वळणात जाऊन अडकते. मग मागेही सरता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. रेषेच्या पुढे नाक काढून थांबणं ही दुसरी चूक, कारण पुलावरून बाहेर पडणाऱ्याला वळायला जागा उरत नाही. पुलावर थांबून फोटो तर कधीच काढायचा नाही. कुणी वाट दिली की अंगठा आणि करंगळी बाहेर काढून हात हलवतात. आपणही हलवावा.

हॉर्न वाजवत वळण घ्यायची आपली पद्धत इथे चालत नाही. तिकडे हॉर्न म्हणजे राग. वेग कमी ठेवणं आणि आपल्या पट्ट्यात राहणं एवढंच वळणावर करायचं.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, जळका वास येतो आणि पायाखाली मऊ लागतो. होनोमानूच्या घळीत, तेराव्या-चौदाव्या मैलाला, रस्ता कड्यावरून जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि लगेच तेवढाच चढतो. इथे खालचा गिअर टाकायचा, इंजिनाने वेग धरू द्यायचा आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून वापरायचा.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: मागचा आरसा. या रस्त्यावर लोक राहतात. त्यांना कामावर जायचं असतं, मुलांना शाळेत न्यायचं असतं, आणि हानात मोठं रुग्णालय नसल्याने आजारी माणसालाही याच वाटेने न्यावं लागतं. पाहुणा ताशी 15 मैलांनी धबधबे बघत जातो, आणि तीच वळणं पाठ असलेला माणूस त्याच्या मागे अडकतो. आरशात गाडी दिसली की पुढच्या रुंद जागेत उजवा इंडिकेटर देऊन पूर्ण बाजूला व्हायचं आणि तिला जाऊ द्यायचं. अशा जागा दर अर्ध्या-एक मैलावर मिळतात. वळणाच्या आधी नाही, वळण संपून सरळ तुकडा आला की बाजूला व्हायचं, म्हणजे मागच्यालाही कळतं. याला अर्धं मिनिट लागतं, आणि मागे कुणी चिकटलेलं नसलं की आपलंही चालवणं सुधारतं.

थांबायच्या जागा निवडताना हात आखडता घ्या. एका दिवसात चार-पाच ठिकाणं नीट बघून होतात. दोन मैलांपासून सुरू होणारे धबधबे आणि पायवाटा एकामागून एक करत गेलं तर सोळाव्या मैलापुढच्या केआनाए गावालाच दुपार होते. काउमाहिना (12 मैल) आणि पुआआ काआ (साडेबावीस मैल) या दोन थांब्यांवर स्वच्छतागृहं आहेत. दोन्हीकडे गरज नसली तरी जाऊन यावं.

साडेसोळा मैलांच्या पुढे डावीकडे केआनाएच्या भूशिराकडे फाटा जातो. तो चुकवू नये. लाव्हाच्या काळ्या खडकांवर लाटा फुटत असतात आणि त्यांच्याच मागे अळूची खाचरं हिरवीगार पसरलेली असतात. हे आपलंच अळू, पण इथे ते पानांपेक्षा कंदासाठी लावतात. वाफ्यांत पाणी साठवून ठेवत नाहीत, ओढ्याचं थंड पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सतत वाहतं ठेवतात, कारण पाणी थांबून तापलं की कंद कुजतो. कंद शिजवून, कुटून त्याचा पोई करतात. गावात 1860 चं दगडी चर्च आहे. 1 एप्रिल 1946 च्या त्सुनामीत गावाची इतर घरं वाहून गेली, हे चर्च उभं राहिलं. खाचरं लोकांच्या मालकीची आहेत, बांधावर उतरू नका. रस्त्यावरूनही सगळं दिसतं.

पार्किंगचा दंड लक्षात ठेवा. हाना महामार्गावर नो पार्किंगच्या पाटीपाशी गाडी लावली तर 35 डॉलर दंड आणि वर 200 डॉलर अधिभार. साडेएकोणिसाव्या मैलाचा तीन धारांचा वाइकानी धबधबा हे त्याचं ठरलेलं ठिकाण आहे. पुलापलीकडे मोजक्या गाड्यांची जागा आहे. ती भरलेली असली की लोक पांढऱ्या पट्टीवर अर्धी गाडी ठेवून पुलावरून चालत येतात, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प होते. जागा नसेल तर पुढे निघायचं. परतीच्या वाटेवर तिथे गर्दी कमी असते. नियम साधा आहे: चारही चाकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर जात नसतील तर ती थांबायची जागा नाही.

पाण्यात उतरायचं असेल तर आधी डोंगराकडे बघायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर हालेआकालाच्या अंगावर पाऊस कोसळत असू शकतो, आणि ते पाणी ओढ्याने काही मिनिटांत खाली येतं. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड भिजला, की सामान न गोळा करता उंचावर जायचं. पलीकडच्या काठावर अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. अंगावर जखम असेल तर ओढ्यात उतरूच नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तो लेप्टो हवाईच्या गोड्या पाण्यातही आहे. उतरल्यानंतर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना ओढ्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

पावसानंतरचा दुसरा त्रास म्हणजे दरडी आणि पडलेल्या फांद्या. रस्त्यावर लाल माती किंवा मुठीएवढे दगड सांडलेले दिसले तर वर अजून सुटं काही आहे असं समजून तिथे न रेंगाळता पुढे जायचं. निघण्याआधी राष्ट्रीय हवामान सेवेचा माउईसाठीचा पूर-इशारा बघायचा. इशारा असेल तर तो दिवस दुसरीकडे घालवायचा.

वाइआनापानापा 32 मैलांना डावीकडे. लाव्हा समुद्रात पडून फुटला, त्याचे बारीक कण आणि गोटे म्हणजे ही काळी वाळू. दुपारी ती अनवाणी पायांना पोळते. इथे लाटा उघड्या समुद्राच्या आहेत, पोहणाऱ्याने भान ठेवावं. पुढे हाना गाव छोटं आहे. जेवायचे ठेले दुपारी लवकर बंद होतात, म्हणून एकच्या आत खाऊन घ्यावं.

हानानंतर मैल पुन्हा बदलतात आणि आता उलटे, कमी होत जातात. 45 व्या मैलाला वाइलुआचा धबधबा अगदी रस्त्यालगत आहे. 42 व्या मैलाच्या सुमारास हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचा किपाहुलू भाग लागतो. गाडीमागे 30 डॉलर, तीन दिवस चालतात, रोख घेत नाहीत. तेच तिकीट शिखरावरही चालतं. इथली पिपिवाईची पायवाट जाऊन-येऊन चार मैलांची आहे. ती बांबूच्या दाट बनातून सुमारे 120 मीटर उंचीच्या वाइमोकू धबधब्यापाशी जाते. तिला निदान अडीच-तीन तास हवेत. ही वाट करायची असेल तर हानात मुक्काम करा. एका दिवसात सगळं बसवायला गेलं की दमलेल्या पायांनी अंधारात 59 पूल ओलांडावे लागतात.

किपाहुलूच्या पुढे रस्ता काउपोवरून बेटाच्या कोरड्या दक्षिण बाजूने फिरून परत जातो. नकाशावर तो फेरा पूर्ण करणारा सोपा मार्ग दिसतो. प्रत्यक्षात काही मैल कच्चा, खड्ड्यांचा आणि एकेरी आहे, कड्याला कठडा नाही, आणि वरून दगड येतात. ऑक्टोबर 2006 च्या भूकंपानंतर हा भाग दीर्घ काळ बंद होता. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. बऱ्याच करारांत अशा रस्त्यावर विमा लागू होत नाही, आणि गाडी ओढून आणायचा खर्च तुमच्यावर येतो. पाऊस झालेला असेल तर विचारही करू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याने आल्या वाटेनेच परतावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. डोंगराची दुसरी बाजू जाताना दिसलेली नसते, ती येताना दिसते.

परतीला हानातून दुपारी अडीच-तीनला निघायचं. माउईत डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. जाताना सकाळचं ऊन डोळ्यांवर असतं आणि येताना मावळतीचं, म्हणून काच आतून-बाहेरून हानातच पुसून घ्यायची. ओलसर हवेत आतून जमलेला धुरकट थर तिरप्या उन्हात समोरचा पूल पूर्ण झाकतो. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. आता समुद्राचा कडा आपल्या बाजूला आहे, तेव्हा समोरून मोठी गाडी आली तर कड्याकडे सरकू नका. थांबा, तिला डोंगराच्या बाजूने जाऊ द्या. बाजूची गवताळ पट्टी दिसते भक्कम, पण पावसाने खालून पोखरलेली असते, आणि चाक तिच्यावर गेलं की गाडी तिरकी बसते. तिथे मदतीची गाडी यायला काही तास लागू शकतात, आणि फोन लागेलच असं नाही.